दारातून पाहिलेली कोंबडी

ती कोंबडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या आजाराचे नाव आधीच ठरलेले होते. टोपली टेबलावर ठेवता ठेवताच मालकीणबाई म्हणाल्या, "डॉक्टर, हिची अन्नपिशवी तुंबली आहे." अन्नपिशवी म्हणजे खाल्लेले आधी जिथे साठते ती गळ्याखालची पिशवी. तीन दिवसांपूर्वी ती खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहू लागली, तेव्हा खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल, असे त्यांना वाटले होते, पण खुडूक कोंबडी हात लावू देत नाही, पिसे फुलवून अंगावर येते, आणि ही मात्र उचलली तरी हूं की चूं करीत नव्हती. मग त्यांनी गळ्याखाली चाचपून पाहिले, तर तिथे लिंबाएवढा गोळा लागला. त्यांनी तिला तेल पाजले, गोळा चोळला आणि दोनदा तिला उलटे धरून तो रिकामा करण्याचाही प्रयत्न केला.

उलटे धरण्याचे ऐकून मी आधी तिच्या श्वासाकडे कान दिला, कारण पिशवीतला आंबलेला द्रव घशाशी येऊन श्वासनलिकेत उतरला तर कोंबडी हातातल्या हातात दगावते. सुदैवाने घरघर नव्हती. बाकीच्या दहा पक्ष्यांपैकी कोणी शिंकते आहे का, कोणाची मान वाकडी होते आहे का, अचानक कोणी मेले का, हे प्रश्न मी नेहमीच आधी विचारतो, कारण मानमोडी (राणीखेत) किंवा बर्ड फ्लूची शंका असेल तर पुढची सगळी दिशाच बदलते. तसे काहीच नव्हते, तरी हातमोजे आणि मुखपट्टी मी काढली नाही.

गोळा खराच होता. सकाळची वेळ होती, रात्रभर पोटात काही गेले नव्हते, आणि निरोगी कोंबडीची अन्नपिशवी सकाळी सपाट असते. हिची मात्र मळलेल्या कणकेसारखी घट्ट लागत होती. विष्ठा थोडी, हिरवट आणि चिकट होती. हिरवा रंग पाहून अनेक जण घाबरतात, पण कोंबडी उपाशी असली की नुसते पित्त उतरते आणि रंग तसाच दिसतो. मीही मान डोलावली, तुंबलेली पिशवी म्हटले, आणि पिशवी धुण्यासाठी नळी व कोमट पाणी काढून ठेवले. आज हे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते, कारण माझी तपासणी त्यांच्या निदानाच्या पुढे एक पाऊलही गेली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला आणि मी बोलत बोलत दारापर्यंत गेलो. कोंबडी शिकार होणाऱ्यांतली असल्याने माणूस समोर असेपर्यंत आजार लपवते. डोळे उघडे ठेवते, मान ताठ करते. आता समोर कोणी नव्हते. दारातून पाहिले तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, ती पाय फाकवून, छाती वर आणि बूड खाली करून, जवळजवळ उभ्या बाटलीसारखी राहिली होती, आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिची शेपटी पंपाच्या दांड्यासारखी खालीवर होत होती. अन्नपिशवी तुंबलेली कोंबडी मान वेळावते, पण अशी उभी राहत नाही. मी फोन ठेवला आणि नळी बाजूला सारली.

शेपटीखाली दोन टोकदार हाडे असतात. अंड्यावरच्या, म्हणजे अंडी देत असलेल्या, कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावतात. हिची तेवढी मावत होती, म्हणजे ती अंड्यावर होती, आणि पोट भरल्यासारखे वाटत होते, पण टणक असे काही हाताला लागत नव्हते. म्हणून हातमोज्यावर वंगण लावून करंगळी हळूच आत सरकवली. थोड्याच अंतरावर एक गुळगुळीत, ओलसर, दाबले की बाजूला सरकणारी वस्तू लागली. पाणी भरून तोंड बांधलेल्या पातळ फुग्यासारखी. कवच नसलेले अंडे अडकले होते.

आता सगळे उलगडले. कोंबडीला एक अंडे तयार करायला साधारण २५ तास लागतात आणि त्यातले सुमारे २० तास कवचावर जातात. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ते कमी पडले की कवच बनत नाही, आणि त्याच कॅल्शियमवर चालणारे अंडनलिकेचे स्नायूही जोर धरत नाहीत. वर मऊ अंड्याला आतून पकडही मिळत नाही. अंड्याच्या दाबाने आतडी मंदावतात, खाल्लेले पुढे सरकत नाही आणि गळ्याखाली गोळा साठतो. बाईंनी चुकीचे काही पाहिले नव्हते. जे दिसत होते ते दुखण्याचे शेवटचे टोक होते. मी पिशवीत पाणी सोडले असते तर त्या दमलेल्या जिवाला बहुधा ते झेपले नसते.

कॅल्शियम ग्लुकोनेटचे आणि वेदनाशामकाचे इंजेक्शन दिले, वीस मिनिटे कोमट पाण्यात बसवले, कोरडे केले आणि उबदार, अंधाऱ्या खोक्यात ओल्या फडक्याशेजारी ठेवले. बाईंनी ऑक्सिटोसिनबद्दल, म्हणजे कळा आणणाऱ्या इंजेक्शनबद्दल, विचारले. वाट सैल झालेली नसताना ते दिले तर अंडनलिका फाटू शकते, म्हणून मी नको म्हटले. तीन तास काहीच झाले नाही. चौथ्या तासाला खोक्यातून खरखर ऐकू आली, आणि पाहिले तर पिवळसर, सुरकुतलेली एक पिशवी फडक्यावर पडली होती आणि तिच्यामागून कित्येक तास अडलेली भली मोठी विष्ठा. ती पिशवी म्हणजे अंड्याचा पडदा. तो उजेडात धरून पाहिला, कारण त्याचा तुकडा आत राहिला तर तिथे जंतुसंसर्ग होतो. पडदा अखंड होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अन्नपिशवी सपाट होती.

मग खाण्याची चौकशी झाली. दोन महिन्यांपूर्वी चार तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या, कळपात आणल्या होत्या आणि तेव्हापासून सगळ्यांनाच ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचे कमी कॅल्शियमचे, खाद्य सुरू होते. ते योग्यच होते, कारण अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम सुमारे ३.५ ते ४ टक्के असते आणि तेवढ्याने तलंगांच्या मूत्रपिंडांना इजा होते. कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुराही वेगळा ठेवलेला होता, पण एकाच भांड्यात, आणि त्या भांड्यापाशी कळपातली सर्वांत जबरदस्त कोंबडी ठाण मांडून असे. आमची रुग्ण त्या उतरंडीत शेवटची होती. चुरा तीन ठिकाणी, एकमेकांपासून आड ठेवायला सांगितला, आणि वेदनाशामकाचा अंश उतरेपर्यंत तिची अंडी खाऊ नका, असेही बजावले.

पंधरा दिवसांनी बाई कागदात गुंडाळलेले अर्धे कवच घेऊन आल्या. ते अजून पातळच होते, रुंद टोकाकडे खरखरीत, पण अंगठ्याने दाबले तेव्हा वाकले नाही, कट्कन मोडले. त्यांनी तो तुकडा परत कागदात ठेवला आणि मला विचारले, "आता त्या दांडगीचे काय करायचे?"