लुंबिनीच्या बसपासून विमानाच्या तिकिटापर्यंत : आमची वाटचाल

आमच्या ट्रॅव्हल्सची सुरुवात बुद्धगया, कुशीनगर, लुंबिनी या बससहलीने झाली. वर्धा-यवतमाळच्या खेड्यांतून दीक्षाभूमीला येणाऱ्या माणसाला एकदा तरी लुंबिनी बघायची असते. ती नेपाळात आहे, म्हणून दोन देशांचं कसं चाललंय हे आम्हाला रोज बघावं लागतं.

भारत-नेपाळ सीमेवरच्या सोनौली नाक्यावर बसचा भन्सार, म्हणजे नेपाळात गाडी नेण्याचा सीमाशुल्क परवाना, दिवसांच्या हिशोबाने निघतो. आम्ही एक दिवस जास्तीचा घेतो, कारण मुदत संपली की दंड बसतो. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ च्या सीमेवरच्या नाकेबंदीत नेपाळात डिझेल मिळेनासं झालं. तेव्हापासून टाकी भारतातच फुल्ल करायची. लुंबिनी नाक्यापासून जेमतेम ३० किलोमीटर, जाऊन-येऊन उरतं.

"भाऊ, लुंबिनीजवळ विमानतळ झालं ना, मग काठमांडूहून कशाला?" हा नेहमीचा प्रश्न. भैरहवाचं आंतरराष्ट्रीय विमानतळ १६ मे २०२२ ला सुरू झालं. बांधकाम चिनी कंपनीचं. पण भारताकडून येणारी विमानं मुख्यतः पूर्वेच्या सिमरा या ठिकाणावरूनच नेपाळात शिरतात, मग उलटं पश्चिमेला वळतात. वेळ आणि इंधन दोन्ही जातं. पश्चिमेकडची वाट नेपाळ कधीपासून मागतोय. आमच्या मते ती मिळायला हवी, विदर्भातल्या यात्रेकरूंचं भलं होईल. तोवर नागपूर-दिल्ली-काठमांडू. विमानाने जाताना पासपोर्ट नाहीतर मूळ मतदार कार्ड लागतं. १५ ते ६५ वयाला आधार चालत नाही.

आता आम्ही इतर देशांची विमानाची तिकिटंही काढतो, तिथेही शेजाऱ्यांचं भांडण आडवं येतं. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला आपल्या विमानांना आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारतानेही तेच केलं. दिल्लीहून मध्य आशियातल्या ताश्कंद-अल्माटीची इंडिगोची उड्डाणं थांबली, कारण वळसा त्या लहान विमानांच्या पल्ल्याबाहेर गेला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या : बंदी विमान कोणत्या देशाचं यावर असते, प्रवाशाच्या पासपोर्टवर नाही. त्याच शहराला आखाती कंपनीच्या विमानाने जाता येतं. बंदीची मुदत महिन्या-महिन्याने वाढते, म्हणून निघण्याची तारीख त्या मुदतीशी ताडून बघतो.

घाबरून स्वतः तिकीट रद्द करू नका. कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पूर्ण पैसे किंवा दुसरं विमान मिळतं; तुम्ही केलं तर कपात होते. व्हिसाची फी मात्र परत येत नाही. आणि सगळी विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घ्या, नाहीतर पहिलं उशिरा पोचल्यावर दुसरी कंपनी हात वर करते.