मग आपल्या अंगातल्या पाण्याचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी फिजिक्स शिकवतो हे कळलं की लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, एकदा तर दाताच्या डॉक्टरांसमोर आ वासून बसलेलो असतानाही हा प्रश्न आला: "सर, पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येतं. माणसाच्या अंगातही साठ-सत्तर टक्के पाणीच की! मग चंद्राचा परिणाम होणारच ना?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बिनतोड मुद्दा काढल्याचा असा आनंद असतो, की नाही म्हणणं जिवावर येतं.

आमचं घर रत्नागिरीकडं, खाडीच्या काठावर. आजी शाळेत गेली नव्हती, पण भरतीची वेळ तिच्या तोंडावर असे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर सहा वाजता भरती, पंचमीला पावणेचारला. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, तोच तिचा पाऊण तास. कालवं काढायला ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच जायची, भल्या पहाटे, कोयती आणि टोपली घेऊन. तेव्हाची सुकती, म्हणजे ओहोटी, मोठी, खडक पार खालपर्यंत उघडे पडायचे. अष्टमीला मी हट्ट धरला की म्हणायची, "आज भांग आहे रे. पाणी धड चढायचं नाही, धड उतरायचं नाही." भरतीपुरती सूर्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत आले की ती चंद्राच्या ओढीत मिळते, अष्टमीला आडवी येते.

पण आजीच्या पडवीत पाण्यानं भरलेला हंडाही असायचा. समुद्र शंभर पावलांवर, तरी हंड्याला कधी भरती आली नाही. खरं उत्तर त्या हंड्यात आहे. भरती पाणी आहे म्हणून येत नाही. पृथ्वी १२,७०० किलोमीटर रुंद आहे म्हणून येते. चंद्राकडच्या बाजूला ओढ जास्त, पलीकडं कमी, आणि हा फरक पृथ्वीला ताणतो. पायाखालचा खडकसुद्धा त्यानं दिवसातून दोनदा वीस-तीस सेंटीमीटर वर-खाली होतो, त्यात पाण्याचा काय संबंध? तुमच्या डोक्यापासून तळव्यापर्यंत हाच फरक मोजला, तर पृथ्वीवरच्या फरकाचा पंचाहत्तर लाखावा हिस्सा भरेल. डोक्यावर फिरणारा पंखा तुम्हाला याहून जास्त हलवतो.

म्हणजे चंद्राचा आपल्याशी संबंध नाही? आहे ना. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्जेंटिनातल्या आदिवासी वस्त्यांमधले लोक पौर्णिमेच्या आधीच्या रात्री उशिरा आणि कमी झोपताना आढळले. त्या दिवसांत संध्याकाळपासूनच चांदणं असतं, तेव्हा कोण लवकर झोपेल? गंमत म्हणजे अमेरिकेतल्या शहरी विद्यार्थ्यांतही तसाच कल दिसला, आणि तिथं चांदण्याचं कारण पुरत नाही. त्यावर वाद चालू आहे.

मला स्वतःला भुरळ पडते ती संथ कामाची. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे. तो फारसा डळमळत नाही, यात चंद्राचा मोठा वाटा आहे. मंगळाला एवढा मोठा चंद्र नाही, त्याचा कल लाखो वर्षांत कुठल्या कुठे जातो. आपला कल तसा हलला असता तर ऋतूंचं गणित कोलमडलं असतं, आणि मृगाच्या पावसाची वाट बघायला आपण तरी असतो का, कोण जाणे. शिवाय भरतीच्या घर्षणानं पृथ्वीची गिरकी मंदावते आहे आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटीमीटर दूर सरकतो आहे. १९६९ पासून तिथं ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे मोजलं गेलं. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांत, दिवसाला एक अशा, वर्षाला सुमारे ४०० बारीक रेषा मोजता येतात. तेव्हा दिवसच २२ तासांचा होता.

दाताच्या त्या डॉक्टरांना हे सगळं पटलं असेल असं नाही. पण मध्यंतरी त्यांचा फोन आला, अलिबागला कुलाबा किल्ल्यावर चालत जायचंय, कधी निघू? म्हटलं, तिथी सांगा. चतुर्थी निघाली. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे भरती तीनला, सुकती नऊच्या सुमारास. आठला निघा, दहाच्या आत परत फिरा, आणि पाण्यात पाय घालण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारा.