तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या पेपरांत मी काय शोधते

"महापालिकेत मृत्यूचा दाखला मिळतो की. मग वाचनालयात जुन्या पेपरांत डोकं कशाला घालता?" पाव्हण्यारावळ्यांपासून वाचनालयातल्या शिपायापर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. एकदाचं सांगून टाकते.

दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण, आईवडिलांचं नाव असतं. मागे कोण राहिलं ते नसतं. ते निधनवार्तेत असतं, चार ओळींची का असेना.

मला आजोबांची हवी होती. ते जुन्या मिलमध्ये कामाला होते. इंग्रजी तारीख घरात कोणालाच आठवेना. माघ वद्य पंचमी, मिल बंद पडल्यावर दोन-तीन वर्षांनी, एवढंच. श्राद्धामुळे तिथी तेवढी पाठ. दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच; जुनी पंचांगं मिळवली आणि तीन वर्षांच्या तीन तारखा काढल्या. प्रत्येक तारखेपुढचे पंधरा दिवस चाळले, कारण बातमी दुसऱ्याच दिवशी येते असं नाही. कधी दहाव्याला येते, कधी एकदम वर्षाने पुण्यस्मरणाला.

तिसऱ्या तारखेनंतर चौथ्या दिवशीच्या अंकात सापडली. आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली. कागद असा ठिसूळ की बोट टेकलं तरी कोपरा तुटायचा. फाइल शिवताना कडेचा रकाना शिवणीत गेला होता. "त्यांच्या पश्चात पत्नी, तीन मुलगे, सुना, नातवं" आणि पुढे दोरा.

मुलगी नाही. माझी आत्या नाही. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं. मयताला आली तेव्हा तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण ते छापूनही आलं असेल, असं मला वाटलं नव्हतं. मजकूर लिहून पेपरच्या कचेरीत द्यायला माझे बाबा गेले होते. एकोणीस वर्षांचे होते ते. थोरल्या काकांनी सांगितलं तसं लिहिलं असेल. दुसरं काय करणार होते? असं मी म्हणते खरी, पण पेन त्यांच्याच हातात होतं.

संध्याकाळी आत्याकडे गेले. तिने पहिलं तेच विचारलं, "माझं नाव हाय का गं त्यात?"

मी म्हटलं, "शेवटचे शब्द शिवणीत गेलेत आत्या, वाचता येत नाहीत."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिथंच असंल मग."

मुलींचा उल्लेख सुनांच्या आधी येतो. शिवणीत असलंच तर "नातवंडे"चं "डे" आणि "असा परिवार आहे" एवढंच असेल. हे मला तेव्हाही कळत होतं. शोध सुरू केला तेव्हा मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे, जे छापलंय ते जसंच्या तसं समोर आलं पाहिजे. आता तीच मी गप्प आहे. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिला खरं कळायचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. तरी माझ्याने सांगवत नाही.

म्हणून अजून जाते. पुढच्या वर्षीची, पुण्यस्मरणाच्या महिन्याची फाइल काढून ठेवायला सांगितलीय. तेव्हा आजी होती, आणि मजकूर बहुतेक तिने सांगितला असेल.