गप्प बसण्याचा भाव

रशियाचा विषय निघाला की पार्ल्याच्या काय नि डोंबिवलीच्या काय, कुठल्याही कट्ट्यावर एक प्रश्न ठरलेला: "युक्रेनशी एवढी वर्षं युद्ध चाललंय, मग तिथली माणसं रस्त्यावर का उतरत नाहीत?" उत्तर आधीच तयार असतं: भीती. ती आहेच, पण नुसत्या भीतीवर इतकं लांब युद्ध रेटता येत नाही. त्यामागे पैशाचा चोख हिशेब आहे, आणि तो मुंबईकराला पटकन कळेल असा आहे. रुबल आणि रुपया गेली काही वर्षं जवळपास एकाच भावात आहेत. त्यामुळे खालचे रुबल सरळ रुपये समजून वाचा, फार बिघडत नाही.

२१ सप्टेंबर २०२२ ला पुतिन यांनी राखीव यादीतल्या ३ लाख लोकांना सक्तीने बोलावलं. पुढचे काही दिवस जॉर्जियाच्या हद्दीवर, वेर्खनी लार्सच्या नाक्यावर, कित्येक किलोमीटर गाड्यांची रांग होती. तोवर टीव्हीवर दिसणारं युद्ध एका आठवड्यात घराघरात शिरलं. क्रेमलिनने त्यातून जो धडा घेतला तो असा, की माणसं ओढून आणण्यापेक्षा विकत घेतलेली परवडतात.

भाव तेव्हापासून चढत गेला. ३१ जुलै २०२४ ला सैन्याच्या करारावर सही करण्याचा केंद्राचा बोनस १ लाख ९५ हजारांवरून ४ लाखांवर नेला. मॉस्को शहराने त्याच महिन्यात आपल्या तिजोरीतून १९ लाख जाहीर केले आणि पहिल्या वर्षाची एकूण कमाई ५२ लाखांपर्यंत जाईल अशी जाहिरात केली. तेव्हा देशातला सरासरी पगार महिन्याला ९० हजारांच्या आत होता, लहान गावांत त्याहून बराच कमी. डिसेंबर २०२४ पासून सही करणाऱ्याचं थकीत कर्ज १ कोटीपर्यंत माफ. कर्जवसुलीने गांजलेला, चाळिशी ओलांडलेला, आडगावातला माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच हे गणित मांडलेलं दिसतं.

यात पैशापेक्षा राजकारण जास्त आहे. सक्तीने नेलेल्या माणसाची बायको प्रश्न विचारते. 'पुत दमोय', म्हणजे 'घरची वाट', या नावाने पांढरे रुमाल बांधून क्रेमलिनच्या भिंतीपाशी फुलं वाहणाऱ्या बायका २०२२ च्या सक्तीच्या भरतीतल्यांच्याच होत्या. मागणी एकच: आमची माणसं परत पाठवा. मे २०२४ मध्ये त्यांच्या चळवळीवर 'परकीय हस्तक' असा शिक्का बसला. पैसे घेऊन गेलेल्याच्या घरातून अशी चळवळ उभी राहिली नाही. 'स्वतःच्या मर्जीने गेला, पैसे घेतले' म्हटलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी विषय संपतो.

करारातली मेख मात्र वेगळीच. जाहिरातीत 'एक वर्षाचा करार' असतो. पण सप्टेंबर २०२२ च्या हुकुमानुसार सक्तीच्या भरतीचा काळ अधिकृतपणे संपेपर्यंत कुठलाही करार संपत नाही, आणि तो संपल्याचा हुकूम निघालेलाच नाही. म्हणजे वर्ष भरलं तरी सुटका नाही. 'मदतनिसाची नोकरी' म्हणून गेलेली भारतीय मुलं अशाच करारांत अडकली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने दलालांवर छापे घातले, त्यांत मुंबईही होती.

आता बोलण्याचं. ४ मार्च २०२२ ला दोन गोष्टी कायद्यात आल्या: सैन्याबद्दल 'खोटी माहिती' आणि सैन्याची 'बदनामी'. बदनामीचं दरपत्रक पाहण्यासारखं आहे. पहिल्या वेळी ३० ते ५० हजार दंड. वर्षाच्या आत दुसऱ्यांदा बोललात तर फौजदारी खटला, आणि २०२३ पासून पाच वर्षांपर्यंत कैद. पहिला दंड भरणारा माणूस सहसा दुसऱ्यांदा बोलत नाही. एवढ्यानेच काम होत असेल तर तुरुंग भरायची गरजच काय? नमुन्याला चार जण पुरतात. अलेक्सेई गोरिनोव हे मॉस्कोतल्या एका प्रभागाचे नगरसेवक. मुलांची चित्रकला स्पर्धा घ्यावी का, या चर्चेत ते म्हणाले की युक्रेनमध्ये मुलं मरत असताना हे बरं दिसत नाही. जुलै २०२२ मध्ये 'खोट्या माहिती'च्या कलमाखाली सात वर्षांची शिक्षा झाली. आपल्या प्रभाग समितीच्या बैठकीत काय काय बोललं जातं ते आठवून बघा.

निवडणुका होतातच. मार्च २०२४ मध्ये पुतिन यांना ८७.२८ टक्के मतं पडली. गाळणी त्याआधीच लागलेली होती. संसदेबाहेरच्या पक्षाच्या उमेदवाराला १ लाख सह्या लागतात आणि त्यांत ५ टक्क्यांहून जास्त चुका चालत नाहीत. युद्धविरोधी बोरिस नादेझ्दिन यांनी १ लाख ५ हजार सह्या दिल्या, ९ हजारांवर बाद ठरल्या, विषय मिटला. तरी जानेवारीच्या त्या थंडीत सही करायला लोकांनी रांगा लावल्या होत्या. घोषणा देणं गुन्हा होता, उमेदवाराच्या कागदावर सही करणं नव्हता.

या सगळ्याचं बिल येतं कुठे? व्याजात. दारूगोळ्याच्या कारखान्यांनी कामगार ओढले, पगार चढले, बाजारात माल मात्र तेवढाच. महागाई आवरायला मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर नेला. त्याआधी, १ जुलैला, ८ टक्क्यांची सरसकट सवलतीची गृहकर्ज योजना बंद झालेली. मग बाजारातलं गृहकर्ज २५ टक्क्यांच्या वर गेलं. ५० लाखांचं वीस वर्षांचं कर्ज आपल्याकडे साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण ४३,४०० येतो. २५ टक्क्यांनी तोच १ लाख ५ हजारांच्या घरात. ठाण्यात वन-बीएचके शोधणाऱ्याला आणखी काही सांगायला नको. जानेवारी २०२६ पासून तिथला व्हॅटही २० वरून २२ टक्के झाला. जखमी सैनिकाला आधी सरसकट ३० लाख मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून किरकोळ जखमेला १ लाखसुद्धा लावले जातात. तिजोरीचा तळ कुठे दिसू लागलाय ते अशा परिपत्रकांतून कळतं, भाषणांतून नाही.

मे २०२५ पासून युक्रेनचे ड्रोन अडवायच्या नावाखाली गावोगावी मोबाइल इंटरनेट बंद पडू लागलं. टॅक्सी मागवता येत नाही, दुकानात कार्ड चालत नाही. इथे तासभर यूपीआय बंद पडलं की भाजीवाल्यापाशी जी तारांबळ उडते, ती तिथे दिवसचे दिवस. त्यात ऑगस्टमध्ये व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवरचे कॉल अडवले आणि १ सप्टेंबरपासून विकायच्या प्रत्येक फोनमध्ये सरकारच्या पसंतीचं 'मॅक्स' हे मेसेजिंग अॅप आधीच भरलेलं हवं, असा नियम आला. त्याच सुमारास युक्रेनच्या ड्रोननी रिफायनऱ्या फोडल्या आणि क्रिमियात एका वेळी ३० लिटरच पेट्रोल मिळू लागलं. कच्चं तेल मात्र जहाजं भरभरून भारतात येतच होतं.

सक्तीसुद्धा गेलेली नाही, फक्त फोनमध्ये जाऊन बसली आहे. एप्रिल २०२३ च्या कायद्याने भरतीची नोटीस 'गोसुस्लुगी'वरही येऊ शकते. आपलं डिजिलॉकर, कर, पासपोर्ट, सगळं एकत्र केल्यासारखं ते पोर्टल. पूर्वी नोटीस हातात देऊन सही घ्यावी लागे. दार उघडलं नाही की माणूस सुटायचा. आता नोटिसांच्या नोंदवहीत नाव चढल्यापासून सात दिवसांनी ती मिळाली असं धरलं जातं, पोर्टल उघडा न उघडा. देशाबाहेर जायची बंदी लागते ती वेगळीच. वीस दिवसांत हजर झाला नाहीत तर गाडी चालवता येत नाही, घराची नोंदणी होत नाही, बँक कर्ज देत नाही. कुणी दारावर येत नाही, की शेजाऱ्यांना काही दिसत नाही.