लवंगेचं तेल गेलं कुठे?

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात प्रोजेक्टचा विषय निवडताना मी फार डोकं चालवलं नव्हतं. सर्दी झाली की आई तव्यावर ओवा गरम करते, फडक्यात बांधते आणि ती पुरचुंडी हुंगायला देते. म्हटलं, चला, हाच विषय: वनस्पतींच्या सुगंधी तेलांनी जिवाणू मरतात का? मॅडम म्हणाल्या, "मरतात हे माहीत आहे गं. किती तेलाने मरतात ते सांग." पुढचे तीन महिने त्या 'किती'पायी गेले.

ओवा आणि लवंग नाशिकच्या रविवार कारंज्याजवळून आणली, गवती चहा घरामागचाच होता. तुळस पंचवटीतल्या मावशीच्या अंगणातली. मावशीने अट घातली, द्वादशीला पानाला हात लावायचा नाही.

तेल काढायला क्लेव्हेंजरचं उपकरण वापरतात. फ्लास्कमध्ये माल आणि पाणी उकळायचं. वाफेबरोबर तेल वर चढतं, कंडेन्सरमध्ये थंड होऊन आकडे कोरलेल्या बारीक नळीत उतरतं. तेल वर तरंगतं आणि खालचं पाणी आपोआप फ्लास्कमध्ये परत जातं. एका खेपेला तीन तास. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापलेलं असायचं की कंडेन्सर थंडच होईना. शेवटी लॅबमधल्या काकांनी बादलीत बर्फ टाकला आणि जुन्या कूलरचा पंप लावून दिला. १०० ग्रॅम ओव्याचं अडीच मिली तेल निघालं. पाव किलो ताज्या तुळशीचं अर्धा मिलीसुद्धा नाही.

लवंगेने मात्र रडवलं. तीन तास उकळली, सगळ्या मजल्यावर दातांच्या दवाखान्यासारखा वास, आणि नळीत काहीच नाही. मला वाटलं, दुकानदाराने तेल काढून घेतलेली लवंग माथी मारली. पीएचडी करणारी एक ताई आली, नळीकडे बघून हसली. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड! ते तरंगत नाही, बुडतं. माझ्या हलक्या तेलाच्या नळीतून ते पाण्याबरोबर बिनबोभाट परत फ्लास्कमध्ये जात होतं. झायलीन हे द्रावक टाकून ते वर धरता येतं, पण मग जिवाणू लवंगेने मेले की झायलीनने, हे कसं सांगणार? शेवटी जड तेलाची नळी दुसऱ्या विभागातून उसनी आणली.

मग प्लेटा. म्युलर-हिंटन अगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, जिवाणू पसरायचे, मिलीमागे साधारण १५ कोटी, वर ६ मिमीच्या कागदी चकत्या, चकतीवर १० मायक्रोलिटर तेल, आणि रात्रभर ३७ अंशांवर. जागा वाचवायला मी एकाच प्लेटमध्ये ओवा, नीलगिरी, गवती चहा आणि तुलनेसाठी नुसत्या डीएमएसओ या द्रावकाची चकती ठेवली. सकाळी उघडून पाहते तर स्टॅफिलोकोकस जिवाणूची अख्खी प्लेट स्वच्छ. डीएमएसओच्या चकतीभोवतीसुद्धा! पाच मिनिटं मी हवेत होते. मग लक्षात आलं, ही तेलं उडणारी. झाकणाखाली वाफ कोंडली आणि तिने सगळीकडे काम केलं. मोजण्यासारखं काही उरलंच नाही. त्यानंतर एका प्लेटला एकच तेल.

तेव्हाही चकतीभोवतीच्या, जिवाणू न वाढलेल्या वर्तुळांनी फसवलंच. लवंगेचं वर्तुळ ओव्याच्या जेमतेम निम्मं. पण अगर म्हणजे बहुतेक पाणीच, तेल त्यात नीट पसरत नाही. वर्तुळ लहान म्हणून तेल कमजोर, असं म्हणता येत नाही. म्हणून ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये तेल दर खळ्यागणिक निम्मं करत नेलं. पहिल्यांदा तेल वरच तवंगासारखं राहिलं, मग ट्वीन ८० हे तेल-पाणी एकत्र करणारं द्रव्य घालून मिसळलं. शेवटी रेझाझुरीन. जिवंत जिवाणू त्या निळ्या रंगाचा गुलाबी करतात. ओव्याच्या रांगेत ०.१२५ टक्क्यांपर्यंत निळं, लवंगेच्या रांगेत ०.२५ पर्यंत. म्हणजे फरक एकाच खळ्याचा! स्युडोमोनास या जिवाणूने मात्र कुठल्याच तेलाला भीक घातली नाही, पूर्ण रांग गुलाबी. त्याच्या बाहेरच्या आवरणातून असली तेलकट द्रव्यं सहज आत जात नाहीत, आणि जी जातात ती तो पंपांनी बाहेर फेकतो.

हे सांगितलं की नातेवाईक लगेच विचारतात, मग औषधं कशाला? अहो, प्लेटच्या खळ्यात जिवाणू मारणं वेगळं आणि माणसाच्या अंगात वेगळं. लवंगेचं निव्वळ तेल बोटावर सांडलं तेव्हा माझीच कातडी दोन दिवस चुरचुरत होती.

निकाल लागल्यावर पेढे घेऊन मावशीकडे गेले. तिने पहिलं विचारलं, "माझ्या तुळशीचं काय झालं?" मोबाइलवर फोटो दाखवला. ६ मिमीच्या चकतीसकट वर्तुळ जेमतेम ९ मिमी. मावशीने चष्मा लावून दोनदा पाहिलं.

"द्वादशीला तोडली असशील."