उल्का चुकली असती तर

रविवार, रात्री

आज भाच्याला घेऊन इथल्या, नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात गेले होते. आवारातल्या डायनासोरच्या पुतळ्यांपाशी तो बराच वेळ रेंगाळला. बाहेर पडताना म्हणाला, "मावशी, हे मेलेच नसते तर आज इथं काय करून राहिले असते?" तेव्हा काहीबाही सांगून वेळ मारून नेली, पण आता जेवणंखाणं आटोपली तरी प्रश्न डोक्यातून जात नाही.

अशी कल्पना करताना लोक शहर आहे तसंच ठेवतात आणि सीताबर्डीच्या गर्दीत एक डायनासोर आणून सोडतात. मला ते पटत नाही. हे प्राणी आपल्याकडे पाहुणे नव्हते, याच मुलखात चरत होते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याला त्यांची हाडं सापडतात, दगड झालेलं शेणही सापडतं. डोंगरगावला सापडलेला आयसीसॉरस तर अंदाजे १८ मीटर लांब, लांब मानेचा, झाडपाला खाणारा. पिसदुऱ्याच्या शेणाचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गवताच्या पेशींत बनणारे वाळूसारखे सूक्ष्म सिलिकाकण निघाले, तेही भात आणि बांबूच्या नात्यातल्या गवतांचे! डायनासोरांच्या काळात गवत होतं हे तोवर कुणी फारसं धरून चालत नव्हतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

कारण ज्वारी, गहू, धान ही सगळी गवतंच. आमचं वावर काटोलकडे आहे. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप शिरला की एका रात्रीत हरभरा साफ होतो, म्हणून बाबा अजून जागलीला जातात. तिथं १८ मीटरचं जनावर ज्वारीत उतरलं तर कुंपण काय आणि फटाके काय! पण ज्वारी पेरायला तिथं माणूस असता का? माझं घोडं इथंच अडतं.

डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी नावाचा एक प्राणी होता. चिचुंद्रीएवढा, किडे खाणारा, आपल्यासारखाच सस्तन. त्याचे दात जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे. तेलंगणातल्या नसकलला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात ते सापडले. १९८८ साली नाव देताना आपल्या नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांची आठवण ठेवली गेली. हे पाद्री १८४५ मध्ये इथं आले आणि टाकळीच्या अशाच गाळातले जीवाश्म त्यांनी गोळा केले. डायनासोर टिकले असते तर आपली जागा या इवल्याशा प्राण्याच्या आसपासच राहिली असती, असं मला वाटतं. दिवस त्यांचा, रात्र आपली. मोठं व्हायला मोकळी जागा लागते. ती आपल्याला मिळाली ती साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकातानला दहाएक किलोमीटरची उल्का आदळली म्हणून.

तेव्हा ती उल्का मी मनातल्या मनात चुकवून पाहते. पण दख्खनचा लाव्हा? तोही याच सुमाराला वाहत होता, आणि त्या संहारात त्याचा वाटा किती यावर अजून वाद आहे. सेमिनरी हिल्सचा काळा दगड त्याचाच. उल्का टळली तरी इथल्या कळपांवर हा लाव्हा आलाच असता, त्यांची कुरणं जळाली असती. मात्र तो सलग वाहत नव्हता. मधल्या काळात तळी साचायची, झाडी वाढायची. टाकळीचा गाळ त्या तळ्यांचाच. नागपूर तर लाव्हाच्या पूर्वेकडच्या काठावर. मला वाटतं, दर उद्रेकानंतर डायनासोर इथं परतले असते. पुढं त्याच दगडाची झिजून काळी माती झाली, जिच्यात आज आपण पऱ्हाटी आणि संत्री लावतो. त्या जगात तिच्यावर नुसतं उंच गवत असतं आणि त्यात ते चरत असते. आपण नसलो तरी ते जग मला अपुरं वाटत नाही. खरंच बघायला मिळावं असं वाटतं.

भाच्याला हे सगळं सांगायचंय, पण घरात बसून नाही. दिवाळीनंतर ऊन उतरलं की त्याला पिसदुऱ्याला नेईन. तिथं ते शेणाचे दगड शेतात उघड्यावर पडलेले असतात आणि येणाराजाणारा ते खिशात घालतो. त्याला आधीच बजावून ठेवणार आहे: हातात घे, नीट बघ, फोटो काढ आणि जिथून उचललास तिथंच ठेव.