बश्कीर मध आणि खोडावरचा सातबारा

मी रशियात शिकतोय म्हणजे रशियन लोकांत राहतोय, असं घरच्यांनी धरून चाललंय. मी असतो ते उफा ही रशियातल्या बश्कोर्तोस्तान प्रजासत्ताकाची, म्हणजे बश्कीर लोकांच्या प्रदेशाची, राजधानी. मेडिकलला आलेली आपल्याकडची मुलं इथे बरीच आहेत, पण कॉलेज-हॉस्टेल सोडून जरा फिरल्याशिवाय बश्कीर जगणं दिसत नाही. शहरभर रशियनच कानावर पडते.

मला ते दिसलं मधाच्या बाजारात. बश्कीर माणसासमोर मधाचं नाव काढावं आणि निवांत बसावं! दक्षिण उरलच्या बुर्झ्यान भागात अजूनही जिवंत पाइनच्या खोडात, दोन-तीन मजले उंचीवर, ढोली कोरतात. ती आधी चांगली वाळू द्यायची. मग रानमाश्या आल्या तर आल्या, नाहीतर वाट बघायची. वर चढायला चामड्याचा विणलेला पट्टा. तो खोडाभोवती आणि स्वतःभोवती टाकून माणूस सरसर चढतो. मध वर्षातून एकदाच, उन्हाळा सरताना काढतात, तोही माश्यांची हिवाळ्याची बेगमी मागे ठेवून. अस्वलांचा डोळा असतोच. झाडावर घराण्याची खूण कोरलेली असते, तिला तमगा म्हणतात, आणि झाड बापाकडून मुलाकडे जातं. थोडक्यात, सातबारा खोडावरच!

याच भागात शुल्गान-ताश गुहा आहे. तिच्या भिंतींवर हिमयुगातल्या माणसांनी गेरूने मॅमथ आणि घोडे रंगवलेत. 2025 मध्ये युनेस्कोने ही चित्रं जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

भाषेचं मात्र अवघड आहे. बश्कीर तुर्की कुळातली, तातार भाषेच्या जवळची. आधी अरबी लिपी, मग लॅटिन, 1940 पासून सिरिलिक. म्हणजे एकाच आयुष्यात तीन लिप्या पाहिलेली पिढी इथे होऊन गेली. 2018 च्या कायद्याने शाळेत ती शिकणं ऐच्छिक झालं, पालकांनी लेखी मागितली तरच. माझा एक वर्गमित्र आजीशी बश्कीर बोलतो, धाकट्या भावाशी रशियन. मराठी शाळांची काळजी करणाऱ्यांना वेगळं काही सांगायला नको.

गावाकडे चित्र बरं आहे. पेरण्या उरकल्या की जूनच्या सुमारास हबांतुयचा सण, रशियनमध्ये साबांतुय. घोड्यांच्या शर्यती, रानटी वनस्पतीच्या पोकळ दांड्याची कुराई बासरी (त्या वनस्पतीचं फूल बश्कोर्तोस्तानच्या झेंड्यावरही आहे, सात पाकळ्या म्हणजे सात कुळं), आणि एकमेकांच्या कमरेचा पट्टा धरून खेळायची कुस्ती. जिंकणाऱ्याला अख्खा मेंढा. माझा कोल्हापूरचा रूममेट म्हणतो, गदेपेक्षा हे बरं.